माँटगोमेरीच्या बसगाड्या ३८१ दिवस रिकाम्या कशा धावल्या

अलाबामा राज्याची राजधानी असलेल्या माँटगोमेरी शहरात १९५५ साली धावणाऱ्या सिटी बसमध्ये ३६ उतारू बसतील एवढी जागा असे, आणि त्या ३६ जागांचे वाटप कसे ठरलेले होते हे नीट समजून घेतले, तर त्या शहरातील कृष्णवर्णीयांनी बसवर टाकलेल्या बहिष्काराचे निम्मे मर्म हाती लागते. पुढच्या दहा जागा गोऱ्या उतारूंसाठी राखीव असत, मग गाडीत एकही गोरा माणूस नसला आणि मागे कृष्णवर्णीय उतारू दाटीवाटीने उभे असले तरी त्या दहा जागा रिकाम्याच राहायच्या. मागच्या दहा जागा कृष्णवर्णीयांच्या समजल्या जात, आणि मधल्या सोळा जागा कोणाच्या हे गाडीचा चालक त्या त्या वेळी ठरवत असे. एकाच रांगेत गोरा आणि काळा शेजारी बसू शकत नाहीत असा दंडक असल्यामुळे, मधल्या भागात एका गोऱ्या उतारूला बसायचे असेल तर त्या रांगेतल्या चारही कृष्णवर्णीयांनी उठून उभे राहावे अशी अपेक्षा असे. भाडे दहा सेंट. ते पुढच्या दाराने चढून चालकापाशी भरायचे, मग पुन्हा खाली उतरून मागच्या दाराने आत शिरायचे, आणि उतारू मागच्या दारापर्यंत पोहोचण्यापूर्वीच गाडी हाकून नेणारे चालकही होते. सर्व चालक गोरे होते, आणि गाडीत आसनविभागणी अमलात आणण्यासाठी कायद्याने त्यांना पोलिसाचे अधिकार दिलेले होते.

ही व्यवस्था केवळ माँटगोमेरीची नव्हती. यादवी युद्धानंतर गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने सर्व नागरिकांना कायद्याचे समान संरक्षण मिळाले. तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिणेकडील राज्यांनी शाळा, आगगाड्या, दवाखाने, उपाहारगृहे, पाणी पिण्याचे नळ आणि दफनभूमीसुद्धा वर्णानुसार वेगळ्या करणारे कायदे एकामागून एक केले. तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करणाऱ्या गोऱ्या नटांच्या खेळांतील एका सोंगावरून या कायद्यांना ‘जिम क्रो’ हे नाव पडले. १८९६ साली लुइझियानातील एका आगगाडीच्या डब्यावरून उद्भवलेल्या प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, सोयी समान असतील तर त्या वेगळ्या ठेवण्यात घटनेचा भंग होत नाही, असा निर्वाळा दिला. ‘वेगळे पण समान’ या नावाने ओळखले जाणारे हे तत्त्व पुढे अर्धशतकाहून अधिक काळ टिकले, आणि त्यातील ‘वेगळे’ हा शब्द जितक्या कडकपणे पाळला गेला तितकाच ‘समान’ हा शब्द सोयीस्करपणे विसरला गेला. १७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्यात त्याच न्यायालयाने सार्वजनिक शाळांपुरते हे तत्त्व मोडीत काढले, पण शाळेबाहेरच्या जगाविषयी त्या निकालात स्पष्ट काही नव्हते.

या बहिष्काराची जी गोष्ट सर्वत्र सांगितली जाते ती फार सुटसुटीत आहे: दिवसभराच्या कामाने थकलेल्या रोझा पार्क्स नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने एका संध्याकाळी जागा सोडण्यास नकार दिला, शहर पेटून उठले, आणि त्यातून मार्टिन ल्यूथर किंग नावाचा पुढारी जन्माला आला. या कथेत खोटे फारसे नाही, पण तिच्यातून गाळलेले इतके आहे की उरलेल्याचा अर्थ बदलतो. सुमारे ५० हजार माणसांनी वर्षाहून अधिक काळ, थंडीत, पावसात आणि दक्षिणेच्या उन्हाळ्यात, रोज कामावर जाऊन परत घरी यायचे आणि तरीही बसमध्ये पाऊल ठेवायचे नाही, ही गोष्ट संतापाच्या एका लाटेवर साधत नाही. त्यासाठी गाड्या, पेट्रोल, वेळापत्रक, वर्गणी, हिशेब, वकील आणि विमा लागतो. माँटगोमेरीचे खरे नवल त्या संध्याकाळच्या नकाराइतकेच या जुळवाजुळवीत आहे.

जुळवाजुळवीची सुरुवात पार्क्स यांच्या अटकेच्या बऱ्याच आधी झालेली होती. अलाबामा स्टेट कॉलेज या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन १९४९ साली शहरात आल्या आणि त्याच वर्षी नाताळच्या सुमारास जवळजवळ रिकाम्या बसमध्ये ‘चुकीच्या’ जागी बसल्याबद्दल चालकाने त्यांच्या अंगावर ओरडून त्यांना उतरायला लावले. त्या पुढे विमेन्स पोलिटिकल कौन्सिल या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. मेरी फेअर बर्क्स यांनी १९४६ साली स्थापन केलेली ही संस्था मुख्यतः शिक्षिका आणि इतर शिकलेल्या स्त्रियांची होती, आणि मतदारनोंदणीपासून बसमधील वागणुकीपर्यंतच्या तक्रारी ती नगरपालिकेपुढे चिकाटीने मांडत असे. ब्राउन निकालानंतर चारच दिवसांनी, २१ मे १९५४ रोजी, रॉबिन्सन यांनी महापौर गेल यांना पत्र लिहिले. बसचे तीन चतुर्थांश उतारू कृष्णवर्णीय आहेत, त्यांनी पाठ फिरवली तर बससेवा चालणार नाही, आणि बहिष्काराचा विचार अनेक संघटनांत सुरू आहे, हे त्यात अत्यंत सभ्य भाषेत पण निःसंदिग्धपणे नमूद केलेले होते. म्हणजे पार्क्स यांच्या अटकेपूर्वी दीड वर्ष या शस्त्राची लेखी सूचना शहराच्या कारभाऱ्यांना मिळालेली होती.

पार्क्स यांच्यापूर्वीही असा नकार देणाऱ्या होत्या. २ मार्च १९५५ रोजी क्लॉडेट कोल्व्हिन या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीने जागा सोडली नाही म्हणून पोलिसांनी तिला बेड्या घालून नेले. तिच्यावर वर्णविभाजनाचा कायदा मोडल्याचा, शांतताभंगाचा आणि पोलिसांवर हात टाकल्याचा असे तीन आरोप ठेवले गेले. अपिलात न्यायाधीशाने पहिले दोन आरोप वगळले आणि फक्त मारहाणीचा आरोप कायम ठेवला, त्यामुळे मूळ कायद्यालाच आव्हान देण्याची वाट आपोआप बंद झाली. ऑक्टोबर महिन्यात मेरी लुईस स्मिथ या अठरा वर्षांच्या मुलीलाही याच कारणावरून अटक झाली. परंतु पुढाऱ्यांना अशी व्यक्ती हवी होती की जिच्या वयावर, घरच्या परिस्थितीवर किंवा चारित्र्यावर प्रतिपक्षाला बोट ठेवता येणार नाही, आणि कोल्व्हिन किंवा स्मिथ या कसोटीला उतरत नाहीत असे त्यांनी ठरवले. अन्यायाविरुद्ध लढतानाही समाजातील प्रतिष्ठेची उतरंड कशी कामाला येते याचे हे उदाहरण आहे आणि ते काहीसे बोचणारे आहे. पण न्यायालयात आणि वर्तमानपत्रांत टिकाव धरायचा तर हा हिशेब करावा लागेल, हे त्या पुढाऱ्यांचे मतही निराधार म्हणता येत नाही.

रोझा पार्क्स या हिशेबात बसणाऱ्या होत्या, आणि त्या केवळ थकलेल्या शिवणकामगार नव्हत्या. १९४३ पासून त्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी न्यायालयात लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे एनएएसीपीच्या, माँटगोमेरी शाखेच्या चिटणीस होत्या. कृष्णवर्णीय स्त्रियांवरील बलात्कारांच्या प्रकरणांची माहिती गोळा करण्याचे जोखमीचे काम त्यांनी केले होते, आणि १९५५ च्या उन्हाळ्यात टेनेसी राज्यातील हायलँडर फोक स्कूल या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या शिबिरालाही त्या जाऊन आल्या होत्या. १ डिसेंबर १९५५, गुरुवारी संध्याकाळी, त्या मधल्या भागाच्या पहिल्या रांगेत बसलेल्या असताना एक गोरा उतारू उभा राहिला, चालक जेम्स ब्लेक याने रांगेतल्या चौघांना उठायला सांगितले, तिघे उठले, पार्क्स उठल्या नाहीत. याच ब्लेकने १९४३ साली पुढच्या दाराने आत आल्याबद्दल त्यांना गाडीतून उतरवले होते. वास्तविक दुसरी जागा रिकामी असल्याशिवाय बसलेल्या उतारूला उठवता येणार नाही, असे नगरपालिकेच्या नियमांतच लिहिलेले होते. हे कलम विसाव्या शतकाच्या आरंभी शहरातल्या कृष्णवर्णीयांनी ट्रामगाड्यांवर टाकलेल्या, आणि पुढे बहुतेकांच्या विस्मरणात गेलेल्या, एका बहिष्काराच्या काळातले होते. पण ते कागदावरच राहिले.

अटकेची बातमी कळताच जामिनासाठी धावले ते ई. डी. निक्सन. ते पुलमन कंपनीच्या शयनयान डब्यांत उतारूंची सेवा करणारे पोर्टर होते आणि ए. फिलिप रँडॉल्फ यांनी बांधलेल्या पोर्टरांच्या कामगार संघटनेचे स्थानिक पुढारी होते. अंगी मुरलेल्या या संघटनकौशल्याशिवाय पुढच्या चार दिवसांतले काम झालेच नसते. त्याच रात्री रॉबिन्सन यांनी एक सहकारी प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी यांना बरोबर घेऊन महाविद्यालयाच्या खोलीत सायक्लोस्टाइल यंत्र सुरू केले. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या महाविद्यालयाचा कागद आणि यंत्र अशा कामासाठी वापरल्याचे उघड झाले असते तर नोकरी गेलीच असती. एका कागदावर तीन मजकूर बसवून, पहाटेपर्यंत छापून, कापून आणि गठ्ठे बांधून हजारो पत्रके तयार झाली; सोमवारी ५ डिसेंबरला, म्हणजे पार्क्स यांचा खटला ज्या दिवशी उभा राहणार त्या दिवशी, कोणीही बसमध्ये चढू नये, एवढाच त्यांचा आशय होता. शुक्रवारी सकाळी तासांच्या मधल्या वेळात गाडीतून फिरून ते गठ्ठे शाळा, केशकर्तनालये, दुकाने आणि दारूचे गुत्ते येथे ठरलेल्या हातांत पोहोचवले गेले. उरलेले काम विरोधकांनी केले: एका पत्रकाच्या आधारे स्थानिक वर्तमानपत्राने रविवारी पहिल्या पानावर बातमी छापली, त्यामुळे ज्यांच्याकडे पत्रक गेले नव्हते त्यांनाही बहिष्काराची खबर लागली, आणि बसमध्ये चढू पाहणाऱ्यांना कोणी धमकावू नये म्हणून पोलीस आयुक्ताने सोमवारी बसगाड्यांमागे मोटारसायकलस्वार पोलीस लावले, त्यांना पाहून चढायच्या विचारात असलेले चार-दोन उतारूही मागे फिरले.

सोमवारी गाड्या जवळजवळ रिकाम्या धावल्या. पार्क्स यांना १० डॉलर दंड आणि ४ डॉलर न्यायालयीन खर्च अशी शिक्षा झाली. दुपारी पाद्री आणि इतर पुढाऱ्यांनी एकत्र येऊन माँटगोमेरी इम्प्रूव्हमेंट असोसिएशन ही नवी संस्था स्थापन केली आणि डेक्स्टर ॲव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्चचे सव्वीस वर्षांचे पाद्री मार्टिन ल्यूथर किंग यांना अध्यक्ष निवडले. ते शहरात नवखे होते, जुन्या गटबाजीत अडकलेले नव्हते, आणि प्रयोग फसला तर दुसरीकडे जाऊ शकले असते, हाही विचार त्या निवडीमागे होता. रात्री होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये आत मावेनात म्हणून हजारो लोक बाहेर रस्त्यावर ध्वनिवर्धकावर भाषणे ऐकत उभे राहिले, आणि एक दिवसाचा बहिष्कार मागण्या मान्य होईपर्यंत चालू ठेवण्याचे ठरले.

त्या मागण्या आज वाचल्या तर आश्चर्य वाटते, कारण वर्णविभाजन रद्द करा असे त्यांत कुठेच नव्हते. चालकांनी सभ्यपणे वागावे. जो आधी येईल त्याला जागा मिळावी, मात्र कृष्णवर्णीयांनी मागून पुढे आणि गोऱ्यांनी पुढून मागे बसत यावे. आणि जिथे बहुतेक उतारू कृष्णवर्णीय आहेत अशा मार्गांवर कृष्णवर्णीय चालक नेमावेत, एवढेच मागणे होते. यांतली दुसरी मागणी तर त्याच राज्यातील मोबिल शहरात आधीपासून अमलात होती. नगरपालिकेने आणि बसकंपनीच्या वकिलाने तीही फेटाळली. आज एक दिले तर उद्या दुसरे मागतील ही त्यांची भीती होती, आणि परिणाम नेमका उलटा झाला: अर्धी भाकरी नाकारल्यामुळे पुढाऱ्यांनी पूर्ण भाकरीसाठी थेट संघीय न्यायालयाची पायरी चढली.

दरम्यान लोकांना कामावर पोहोचवण्याचा प्रश्न रोज सकाळी नव्याने उभा राहत होता. शहरातल्या कमावत्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक आणि मुले सांभाळण्याची कामे करणाऱ्या होत्या, बसच्या नेहमीच्या उतारूंत त्यांचीच संख्या मोठी होती, आणि त्यांची कामाची घरे वस्तीपासून मैलोन्‌मैल दूर होती. पहिले काही दिवस कृष्णवर्णीयांच्या टॅक्सींनी बसच्याच दराने, दहा सेंटमध्ये, उतारू नेले. लगेच पोलीस आयुक्ताने टॅक्सीचे किमान भाडे ४५ सेंट असल्याचा नियम उकरून काढला. तेव्हा किंग यांनी लुइझियानातील बॅटन रूज येथील पाद्री टी. जे. जेमिसन यांना दूरध्वनी केला. त्या शहरात जून १९५३ मध्ये असाच एक अल्पकाळचा बहिष्कार झाला होता आणि खासगी मोटारींतून उतारू नेण्याची व्यवस्था तिथे यशस्वी झाली होती. तिचा तपशील माँटगोमेरीने जसाच्या तसा उचलला.

या व्यवस्थेची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. सुरुवातीला दीडशेच्या आसपास आणि पुढे सुमारे तीनशे मोटारी मालकांनी उपलब्ध करून दिल्या. शहरातला गल्लीबोळ ठाऊक असलेल्या टपाल कर्मचाऱ्यांच्या मदतीने नकाशे काढून मार्ग ठरवण्यात आले. सकाळी उतारू उचलण्याची ४८ आणि संध्याकाळी परत आणण्याची ४२ ठिकाणे नक्की झाली. सकाळची ठिकाणे बहुधा चर्चमध्ये होती, कारण ती लवकर उघडत आणि थंडीच्या दिवसांत लोकांना आत ऊब मिळे. भर शहरातले मुख्य अदलाबदलीचे ठिकाण म्हणून कृष्णवर्णीय मालकाच्या एका मोटारतळाचा उपयोग झाला. उतारूंकडून भाडे घेतले तर परवान्याशिवाय टॅक्सी चालवल्याचा गुन्हा लागला असता, म्हणून भाडे घ्यायचे नाही आणि पेट्रोलचा व देखभालीचा खर्च देणग्यांतून करायचा असे ठरले. पुढे चर्चच्या नावाने पंधराहून अधिक प्रशस्त स्टेशन वॅगन गाड्या खरेदी झाल्या. चर्चचे नाव अंगावर मिरवणाऱ्या या गाड्यांना लोक चाकांवरचे चर्च म्हणू लागले.

पैसा देशभरातून आणि परदेशातूनही आला, पण शहरातल्या पैशाची कहाणी अधिक बोलकी आहे. उपाहारगृहात स्वयंपाकीण असलेल्या जॉर्जिया गिलमोर यांनी, बहिष्काराबद्दल किंग यांच्यावर पुढे चाललेल्या खटल्यात बसमधल्या वागणुकीविषयी साक्ष दिली आणि त्यांची नोकरी गेली. त्यांनी घरीच स्वयंपाक करून विकायला सुरुवात केली, आणि इतर स्त्रियांना हाताशी धरून कोंबडीचे तळलेले तुकडे, सँडविच, केक आणि ‘पाय’ हा गोड पदार्थ विकून येणारा पैसा दर आठवड्याच्या सभेत आणून द्यायला लागल्या. त्यांच्या गटाचे नाव होते ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे कुठलाच नसलेला क्लब. पैसा कुठून आला असे कोणी विचारलेच तर कुठूनच नाही असे खरेखुरे उत्तर देता यावे, आणि गोऱ्यांच्या घरी कामाला जाणाऱ्या सभासदांची नावे उघड होऊ नयेत, अशी त्यात सोय होती. केक विकत घेणाऱ्यांत गोरे गिऱ्हाईकही असे. याहून गमतीचा भाग असा की अनेक गोऱ्या गृहिणी आपल्या मोलकरणींना रोज स्वतःच्या मोटारीने आणून पोहोचवत होत्या, कारण तसे न केल्यास घरचे काम त्यांनाच करावे लागले असते. महापौरांनी हे थांबवण्याचे जाहीर आवाहन केले तेव्हा, महापौरांनी स्वतः येऊन आमची भांडी घासावीत, अशा अर्थाचा सूर घराघरांतून निघाला.

‘बहिष्कार’ या शब्दापाशी इथे थोडे थांबायला हवे. महाराष्ट्रात या शब्दाचा इतिहास उलट्या दिशेचा आहे: गावाने दुबळ्यावर टाकायचा तो बहिष्कार, पाणी तोडायचे, दुकान बंद करायचे, कामावरून काढायचे. डॉ. आंबेडकरांनी १९२४ साली स्थापलेल्या सभेला ‘बहिष्कृत हितकारिणी’ आणि १९२७ साली काढलेल्या पाक्षिकाला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले ते याच अनुभवातून. विशेष म्हणजे किंग यांनाही इंग्रजीतल्या समानार्थी शब्दाविषयी हीच अडचण वाटली होती. ब्राउन निकालानंतर दक्षिणेत निघालेल्या व्हाइट सिटिझन्स कौन्सिल या गोऱ्यांच्या संघटना, हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीयांची नोकरी घालवणे, कर्ज अडवणे आणि उधारी बंद करणे या मार्गांनी त्यांना जेरीस आणत होत्या, आणि आपणही त्यांचेच हत्यार उचलत आहोत की काय, हा प्रश्न किंग यांना सतावत होता. कंपनी बुडवणे हा हेतू नसून अन्यायाला सहकार्य नाकारणे हा हेतू आहे, असे त्याचे उत्तर त्यांनी पुढे लिहून ठेवले. ग्रंथपाल म्हणून काम करणाऱ्या जुलिएट मॉर्गन या गोऱ्या स्त्रीने बहिष्काराच्या दुसऱ्याच आठवड्यात स्थानिक वर्तमानपत्रात पत्र लिहून या पायी चालणाऱ्यांची तुलना गांधीजींच्या मिठाच्या सत्याग्रहाशी केली होती. त्या पत्रानंतर त्यांना जो छळ सोसावा लागला तो अखेरपर्यंत संपला नाही.

नागपूरचा धागाही इथे जुळतो. कोरियन युद्धात सैन्यभरतीला नकार दिल्याबद्दल तुरुंगवास भोगलेले जेम्स लॉसन हे तरुण कृष्णवर्णीय मेथडिस्ट १९५३ पासून नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात काम करत होते आणि गांधीजींच्या मार्गाचा अभ्यास करत होते. माँटगोमेरीची बातमी त्यांनी नागपुरात, तिथल्याच इंग्रजी वर्तमानपत्रात वाचली. मायदेशी परतल्यावर फेब्रुवारी १९५७ मध्ये त्यांची किंग यांच्याशी गाठ पडली, किंग यांनी त्यांना शिक्षण संपण्याची वाट न पाहता दक्षिणेत येण्याचा आग्रह धरला, आणि १९६० साली नॅशव्हिलच्या उपाहारगृहांतील वर्णविभाजन मोडून काढणाऱ्या विद्यार्थ्यांना अहिंसक प्रतिकाराचे धडे लॉसन यांनीच दिले.

नगरपालिकेने १९५६ च्या जानेवारीपासून कडक धोरण स्वीकारले. महापौर आणि दोन्ही आयुक्त सिटिझन्स कौन्सिलचे उघड सभासद झाले; मोटारचालकांना क्षुल्लक कारणांवरून दंड होऊ लागले, आणि खुद्द किंग यांना ताशी २५ मैलांच्या रस्त्यावर ३० मैल वेगाने गाडी चालवल्याबद्दल कोठडीत डांबण्यात आले. त्याआधी एका शनिवारी, चळवळीशी संबंध नसलेल्या तीन पाद्र्यांना हाताशी धरून तडजोड झाल्याची बातमी रविवारच्या अंकासाठी सोडून देण्यात आली. दूरच्या मिनियापोलिस शहरातील कार्ल रोवन या पत्रकाराने ती वृत्तसंस्थेच्या तारेवर वाचून किंग यांच्याकडे चौकशी केली तेव्हा डाव उघडा पडला, आणि त्या रात्री किंग व त्यांचे सहकारी पाद्री गुत्त्या-गुत्त्यांतून फिरून बहिष्कार चालूच असल्याचे सांगत होते. ३० जानेवारीला किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला, तेव्हा घरात त्यांची पत्नी आणि अडीच महिन्यांची मुलगी होती. दोन दिवसांनी निक्सन यांच्या घरावर दुसरा पडला. फेब्रुवारीत १९२१ च्या एका बहिष्कारविरोधी कायद्याखाली ८९ जणांवर आरोप ठेवण्यात आले. आरोपींनी पोलिसांची वाट न पाहता चांगले कपडे घालून स्वतःच कचेरीत हजर व्हावे असे ठरले. निक्सन पहिले गेले, मग इतर, आणि अटकेची जी धास्ती पिढ्यान्‌पिढ्या घातली गेली होती तिची जागा त्या दिवशी जत्रेच्या वातावरणाने घेतली.

कायदेशीर लढाई मात्र पार्क्स यांच्या नावाने लढली गेली नाही. त्यांचे अपील राज्याच्या न्यायालयांत वर्षानुवर्षे अडकून पडेल हे ओळखून पंचविशीतले वकील फ्रेड ग्रे यांनी १ फेब्रुवारी १९५६ रोजी संघीय न्यायालयात स्वतंत्र दावा दाखल केला. ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅक्डॉनल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि पूर्वी अपात्र ठरवली गेलेली क्लॉडेट कोल्व्हिन या त्यातल्या वादी होत्या. सुनावणीत नगरपालिकेच्या वकिलाने, तुमचे पुढारीपण किंग यांनीच केले ना, असे कोल्व्हिनकडून वदवून घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा आमचे पुढारी आम्हीच, अशा आशयाचे उत्तर तिने दिले. ५ जून १९५६ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने, ब्राउन निकालाचे तत्त्व बसलाही लागू होते आणि बसमधील वर्णविभाजन चौदाव्या घटनादुरुस्तीशी विसंगत आहे, असा निकाल दिला, आणि नगरपालिका सर्वोच्च न्यायालयात गेली.

तोवर मोटारींच्या व्यवस्थेची नाडी आवळण्याचे प्रयत्न चालूच होते. विमा कंपन्यांनी एकामागून एक स्टेशन वॅगनचे विमे रद्द केले, तेव्हा अटलांटातील एका कृष्णवर्णीय विमा व्यावसायिकामार्फत थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवावा लागला. शेवटी नगरपालिकेने ही व्यवस्था म्हणजे विनापरवाना धंदा असल्याचा दावा राज्य न्यायालयात केला. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी किंग त्याच सुनावणीत पराभवाच्या तयारीने बसले असताना एका वार्ताहराने तारेवर आलेला मजकूर त्यांच्या हातात दिला: सर्वोच्च न्यायालयाने जूनचा निकाल कायम केला होता. राज्य न्यायालयाने तरीही त्याच दिवशी मोटारींवर बंदी घातली, आणि सर्वोच्च न्यायालयाचा आदेश प्रत्यक्ष शहरात पोहोचेपर्यंतचे पाच आठवडे लोकांनी मोटारींशिवाय, बहुतांशी पायी चालून, काढले.

बहिष्कार कोर्टाने जिंकला की रस्त्याने, हा वाद अभ्यासकांत अजून चालतो, आणि दोन्ही पक्षांना पुरावा आहे. बसकंपनीने तोट्यापायी दहा सेंटचे भाडे पंधरा केले, मार्ग बंद केले, आणि वसंतात तर ती वर्णविभाजन सोडून द्यायलाही तयार झाली होती, तरी नगरपालिका हलली नाही. म्हणजे केवळ आर्थिक दडपणाने काम झाले नसते. उलट नुसता दावा लढवला गेला असता, तर निकाल हातात असूनही पहिल्या दिवशी पुढच्या जागेवर बसायला किती जण धजले असते, हा प्रश्न उरतो. वर्षभराच्या पायपिटीने आणि सोमवार-गुरुवारच्या सभांनी जी सवय लागली होती तिच्यामुळे तो निकाल कागदावरून गाडीत उतरला.

आदेश २० डिसेंबरला आला आणि २१ तारखेच्या पहाटे किंग, निक्सन आणि त्यांचे सहकारी बसच्या पुढच्या जागांवर बसले. आठवड्याभरात बसगाड्यांवर गोळीबार सुरू झाला, एका गर्भवती कृष्णवर्णीय स्त्रीच्या पायांत गोळ्या घुसल्या, आणि १० जानेवारी १९५७ रोजी पहाटे चार चर्चवर व दोन पाद्र्यांच्या घरांवर बॉम्ब पडले. बहिष्काराच्या काळात नोकरी गमावलेल्या पार्क्स दाम्पत्याला शहरात काम मिळेना, म्हणून ते १९५७ साली डेट्रॉइटला निघून गेले; जो ॲन रॉबिन्सन यांनी १९६० साली महाविद्यालय आणि शहर सोडले. क्लॉडेट कोल्व्हिन यांच्यावरचा मारहाणीचा ठपका मात्र सरकारी दप्तरात तसाच राहिला, आणि तो पुसून टाकण्याचा आदेश माँटगोमेरीच्या बालन्यायालयाने काढला तेव्हा २०२१ साल उजाडले होते आणि कोल्व्हिन ८२ वर्षांच्या होत्या.